कशावरून?

मी वसाहतीच्या सभागृहातला माइक बोलतोय. आजवर तुम्हीच माझ्यात बोललात. आता जरा गप्प बसा आणि माझं ऐका, कारण माझं डोकं भयंकर तापलंय.

कारखान्यात मला घडवताना एकच गोष्ट शिकवली होती: जे कानावर पडेल ते मोठं करून पुढे पाठवायचं. खरं-खोटं निवडायची सोय माझ्यात कोणी केली नाही. वसाहतीच्या समितीने मला विकत आणलं, उंच दांडीवर बसवलं आणि आल्या दिवसापासून जो येईल तो माझ्या डोक्यात टपल्या मारू लागला. कोणी फुंकायचं, कोणी खाकरायचं. "दोनच शब्द बोलतो" म्हणणारा तर हमखास जेवायची वेळ टळेपर्यंत बोलायचा. तेही मी सोसलं. राग आला तो टाकीच्या सभेपासून.

वसाहतीत चार इमारती आणि प्रत्येकीच्या गच्चीवर पाण्याची एक जुनी टाकी. पहिल्या इमारतीत भूमिती शिकवणाऱ्या बाई राहायच्या. गच्चीवर कपडे वाळत घालताना त्यांना टाकीच्या खांबाला गेलेली चीर दिसली. चिरेत बोट जात होतं. त्यांनी सभा बोलावली.

वर्गात म्हणे या बाई कारण दिल्याशिवाय मुलांची एक ओळ पुढे जाऊ देत नसत. माझ्यासमोर मात्र त्यांची पार त्रेधा उडाली. "खरं तर मला बोलता येत नाही," इथपासून सुरुवात. मग टाकी कोणी बांधली, तेव्हाचे अध्यक्ष किती सज्जन होते, जिना चढताना गुडघे कसे दुखतात. चिरेपर्यंत पोचेस्तोवर अर्धी सभा जांभया देत होती. अहो बाई, आधी चीर सांगा ना! मी नुसता खरखरत राहिलो.

मग त्यांचे धाकटे दीर उठले. सगळे त्यांना 'भाषणवाले' म्हणत. आवाज असा, की माझीही तार थरथरायची.

"या टाकीनं आपल्याला पाणी पाजलं! आपली मुलं वाढवली! ही टाकी आपली आई आहे. आईला सुरकुत्या पडल्या म्हणून कोणी घराबाहेर काढतं का?"

टाळ्याच टाळ्या. टाकी आई कशी झाली, हे एकानेही विचारलं नाही. टाकी पाडायची म्हणजे काही महिने खालून बादल्या वर न्यायच्या. ते कोणालाच नको होतं, आणि भाषणवाल्यांनी त्या आळसाला छान कपडे चढवले. बाई मान खाली घालून बसल्या.

पुढच्याच महिन्यात, भर दुपारी, ती टाकी कोसळली. खाली शिंपीकाकांचं घर. ते खिडकीपाशी मशीनवर बसले होते. जीव वाचला, पण उजवा हात मनगटापासून गेला.

पुन्हा सभा. शिंपीकाका पहिल्या रांगेत, उजवा हात गळ्यातल्या झोळीत घेऊन बसलेले. भाषणवाले लगबगीने पुढे आले. डोळ्यांत पाणीसुद्धा होतं.

"हा दैवाचा घाला आहे! दैवापुढे कोणाचं काय चाललंय?"

"कशावरून, भाऊजी?" बाईंनी बसल्या जागेवरून विचारलं.

"वहिनी, अशा वेळी वाद नको."

"वाद घालत नाहीये. दैवाचा घाला कशावरून, ते सांगा."

भाषणवाल्यांनी माझ्या डोक्यात टपली मारली. मी काय सांगणार, कपाळ?

बाई उठून पुढे आल्या. या वेळी ना माफी, ना गुडघे. "चारही टाक्या एकाच माणसानं, एकाच वेळी बांधल्या. पडलेल्या टाकीच्या खांबाला चीर होती. तशीच चीर उरलेल्या तिन्हींना आहे, आज सकाळी मी पाहून आले. म्हणून त्याही पडू शकतात. तुम्ही आत्ता वर जाऊन बघा. चीर नसेल तर माझं ऐकू नका. असेल तर आजच पाणी सोडून द्या."

संपलं. टाळी वाजली नाही, खुर्च्या मागे सरकल्याचा आवाज झाला. माणसं गच्च्यांकडे निघाली. भाषणवाले दांडी धरून "बंधूंनो, जरा ऐका" म्हणत राहिले. मीही इमानाने ते रिकाम्या खुर्च्यांना ऐकवत राहिलो. थोड्या वेळाने बाहेरच्या पन्हळींतून धो धो पाणी वाहू लागलं.

शिंपीकाका तेवढे जागचे हलले नव्हते. ते बाईंसमोर आले.

"इतकं सोपं होतं, तर तेव्हा असं का नाही सांगितलंत, बाई?"



आता सभागृहात बिनतारी माइक आलाय. मी कपाटात पडून आहे. दाराआडून भाषणवाल्यांचा आवाज अजून ऐकू येतो, टाळ्याही ऐकू येतात आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो. त्यांच्यावर राग आहेच, टाळ्या वाजवणाऱ्यांवर त्याहून जास्त आहे. पण सगळ्यात जास्त राग येतो तो खरं माहीत असून ते गोल गोल सांगणाऱ्यांचा. तुमच्याकडे सांगण्यासारखं काही असेल, तर घरून नीट जुळवून आणा आणि माणसं जागी असतानाच सांगा. मला खुशाल भंगारात टाका, पण एवढं ऐका.