पडणाऱ्यांच्या बाजूची गादी

किण्ण.

दुपारची जेवणं आटोपून सारं घर निजलं, की ओट्यावर हा आवाज होतो. काचेच्या बांगड्या स्टीलच्या वाटीत काढून ठेवल्याचा. निजलेल्यांना तो ऐकूही जात नाही. मी मात्र अंग आवळून तयार होते, कारण आता कुणीतरी माझ्यावर पडणार असतं.

पडणार म्हणजे झोपायला नव्हे, मित्रांनो. धाडकन. पाठीवर, खांद्यावर, कुशीवर. मी एक गादी आहे. वय झालंय, खोळीला ठिगळं आहेत, अंगावर चहाचे, हळदीचे आणि एका लहान मुलीनं वेळोवेळी केलेले डाग आहेत. पण माझी कीव करू नका. मऊ गाद्या जाफराबादेत घरोघर सापडतील. सिनेमात मार खाल्लेली गादी मी एकटीच.

माझा कापूस पिंपळगाव रेणुकाईच्या शिवारातला. बद्रीनाथ नावाच्या शेतकऱ्यानं तो लेकीच्या लग्नासाठी वेगळा काढून ठेवला होता. लेकीच्या रुखवतात गादी द्यायची ती घरच्याच कापसाची, अशी त्यांच्या घरची रीत. सरकी काढून झाली आणि गाद्या भरणारे मन्सूरचाचा अंगणात बसले. नवरीची आई, उषाबाई, त्यांना बजावत होती, "चाचा, मऊ भरा बरं. लेक नांदायला चालली."

नवरी, म्हणजे आकांक्षा, मागून म्हणाली, "टणक भरा, चाचा. अजून टणक. दाबून."

चाचांनी दाभण थांबवलं. "बेटी, गादी पायजे का आखाडा?"

"दोन्ही," ती म्हणाली.

चाचा हसले. पण त्यांनी कापूस असा काही दाबून भरला आणि टाके इतके जवळ घातले, की मी गादी कमी आणि गोणी जास्त दिसायला लागले. हा टणकपणा माझ्या कामी येणार होता, हे तेव्हा फक्त आकांक्षाला ठाऊक होतं.

तिला शाळेत कराटे शिकायला मिळालं होतं. शाळा सुटली तसा वर्गही सुटला. पुढचं शिक्षण मोबाइलवर झालं. हाँगकाँगचे जुने, हिंदीत बोलणारे मारामारीचे पिक्चर ती कापूस वेचून आल्यावर बघायची. तिच्या मैत्रिणी हिरोकडं बघत. ती बघायची हिरोची लाथ खाऊन टेबलावरून, जिन्यावरून, कठड्यावरून पडणाऱ्यांकडं. त्या माणसांची नावं कुणाला ठाऊक नसतात. एकाच पिक्चरात तोच माणूस तीनदा मरतो, फक्त मिशी बदलून. ती म्हणायची, "हिरो पाय नुसता उचलतो. लाथ खरी करतो तो पडणारा." मित्रांनो, हे वाक्य मी माझ्या टाक्याटाक्यात शिवून ठेवलं आहे.

सासरी पहिल्याच दिवशी माझी शोभा झाली. सासूबाई, गोजरबाई, माझ्यावर आडव्या झाल्या आणि ताडकन उठून बसल्या.

"आगं बाई! ही गादी हाय का फरशी? व्याह्यांनी कापसात धोंडे भरून देल्ते का काय?"

आकांक्षाचा नवरा आदिनाथ, गावोगावच्या सवाऱ्या नेणारी वडाप जीप चालवणारा, हसून म्हणाला, "आई, कमरेला चांगली असती टणक गादी. डाक्टर सांगून राह्यलेत हल्ली."

"मंग तूच झोप डाक्टरच्या गादीवर!"

असं करून मी त्या दोघांच्या वाट्याला आले. दुपारी घर निजलं, की आकांक्षा बांगड्या वाटीत काढून ठेवायची, मला जमिनीवर ओढायची आणि पडायची. मागं, पुढं, कोलांटी घेऊन. आवाज होऊ नये म्हणून दात आवळून. मी तिला कधी लागू दिलं नाही.

गादीला ऊन दाखवायचा दिवस आला, तेव्हा आमचं बिंग फुटलं. सगळ्या बायका गादी काठीनं झोडपतात. आकांक्षानं मला गच्चीच्या कठड्यावर टाकलं, इकडं तिकडं बघितलं, पदर खोचला आणि लाथेनं धूळ झाडायला सुरुवात केली. डावी, उजवी, गिरकी घेऊन. माझ्यातून धुळीचे लोट निघत होते आणि शेजारच्या गच्चीवर मोबाइल हातात धरून एक माणूस तोंड उघडं टाकून उभा होता. तो पप्पू, आदिनाथचा मावसभाऊ. लग्नाच्या शूटिंगा करायचा आणि मोबाइलवर टाकायला मारामारीचे पिक्चर काढायचा.

"वहिनी," तो म्हणाला, "मला हिरोसाठी पाय पायजेत."

हिरो होता पारस, कापड दुकानदार सोहनलाल शेठचा मुलगा. देखणा पोरगा, स्वभावानं लाख मोलाचा. कपडे दुकानातूनच यायचे, त्यामुळं तो हिरो होणार हे ठरलेलंच होतं. अडचण एवढीच, की त्याची लाथ गुडघ्याच्या वर जात नव्हती.

पप्पूनं घरी येऊन विचारलं, तेव्हा गोजरबाईंनी सुपारी कातरणं थांबवलं नाही. "सुनेचं तोंड पडद्यावर दिसता कामा न्हाई. पाठीमागून काय करायचं ते करा."

"बिलकुल दिसणार न्हाई, मावशी," पप्पू म्हणाला. "पाठमोरीच घेतो."

 आकांक्षाला पडायला मिळत होतं. तेव्हा तेवढं पुरेसं वाटलं.

असा आमचा सिनेमा सुरू झाला. आदिनाथच्या जीपच्या टपावर मला दोरीनं बांधून न्यायचे. पारसचा लाल शर्ट आकांक्षाच्या अंगात, वेणी पटक्याखाली कोंबलेली, पाठ कॅमेऱ्याकडं. पारस तोंडानं डायलॉग मारायचा, पप्पू "कट" म्हणायचा, पारस बाजूला व्हायचा आणि त्याच्या जागी आकांक्षा लाथ मारायची. गुंडांच्या हातून मार खायचा प्रसंग आला, तर तोही तीच खायची. खाली मी होतेच. कधी नांगरटीच्या ढेकळांवर, कधी बाजाराच्या ओट्याखाली.

पिक्चर गाजला. पोरं बसस्टँडवर "पारसची लाथ" मारायला लागली. गावात पारसचा शाल-नारळ देऊन सत्कार झाला. आणि मला मिळालं माळ्यावरचं कोपऱ्यातलं स्थान. पाहुण्यांसमोर अशी फाटकी गादी बरी दिसत नाही म्हणे! उंदरांनी एका टोकाला घर केलं. मी रडले नाही. दाबून भरलेल्या कापसाला रडता येत नाही.

पण एक गोष्ट मला माळ्यावरही टोचली. आकांक्षाची लेक रेणू बालवाडीत जायला लागली होती. एके दिवशी ती अंगणात मैत्रिणीला सांगत होती, "ही बघ, पारसकाकाची लाथ!" आणि धपकन पडली. आकांक्षानं तिला उचलून घेतलं, गुडघा पुसला, आणि सहज बोलल्यासारखी म्हणाली, "ती पारसकाकाची न्हाई गं पिल्ला. ती माझी हाय."

रेणू हसली. खदखदून. "आजी, आई बघ कशी खोटं बोलती! आईला कुठं लाथ मारता येती?"

गोजरबाई माळा ओवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. आकांक्षाही हसली. पण त्या दुपारी तिनं मला माळ्यावरून ओढून काढलं, उंदरांना हाकललं, दाभण घेऊन फाटका कोपरा शिवला. टाके मन्सूरचाचांपेक्षाही जवळ घातले. 

पप्पू दुसऱ्या पिक्चरसाठी आला, तेव्हा ती दारातच म्हणाली, "यावेळी माझं तोंड दिसलं पाहिजे, भाऊजी."

"वहिनी, असं कसं? शर्ट पारसचा, उडी पारसची. हिरो मधीच बाई कसा व्हईल? लोकं हासतील."

"हासू द्या."

"आणि मावशी?"

त्यावर आदिनाथ म्हणाला, "आईला मी सांगतो." मित्रांनो, या माणसाचा जीव चांगला आहे, पण "आईला मी सांगतो" म्हणून त्यानं आजवर आईला काहीही सांगितलेलं नाही.

पप्पूला ते पटलं नाही. त्यानं बाहेरगावच्या व्यायामशाळेतला एक पोरगा आणला. दंड असे, की पारसच्या शर्टाची बटणं लागेनात. बंद पडलेल्या जिनिंग मिलच्या पत्र्यावरून उडी मारायची होती. खाली सोयाबीनच्या भुशाचा ढीग आणि ढिगावर मी. गादी आकांक्षाचीच लागणार होती, म्हणून गादीबरोबर आकांक्षाही आली होती. तिनं ढीग स्वतः पायानं तुडवून बघितला आणि मला मधोमध अंथरलं.

पोरगा शिडीनं वर चढला. खाली वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"काय झालं रे?" पप्पू खालून ओरडला.

"गादी लई बारकी दिसून राह्यली हो इथून!"

आणि तो आला तसा, पाठमोरा, एकेक पायरी चाचपत शिडीनं खाली उतरला. मी भुशावर पडून हसत होते. बारकी म्हणे! खालून वर बघितलं, तर तोही काही मोठा दिसत नव्हता.

ऊन कलत होतं. पप्पू एकदा आभाळाकडं बघायचा, एकदा आकांक्षाकडं. ती शर्ट मागून घेऊन आत गेली आणि लाल शर्ट घालून बाहेर आली. वेणी पटक्याखाली. पप्पूचा जीव भांड्यात पडला. ती सरसर वर चढली, पत्र्याच्या काठावर उभी राहिली. आणि तिथं तिनं पटका सोडला. वेणी खांद्यावरून पुढं आली. तिनं कॅमेऱ्याकडं पाठ केली नाही, तोंड केलं.

"कट! वहिनी, पटका!"

"कट न्हाई, भाऊजी. मी एकदाच मारणार. ठेवायची तर हीच ठेवा, न्हाई तर घरी चला."

 पत्रा तेवढा करकरत होता. मग पारस पुढं आला आणि पप्पूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "चालू ठेव. उडी तिची हाय यार. टाळ्या मी किती दिवस घेऊ?"

आकांक्षानं उडी मारली.

मित्रांनो, आजवर ती माझ्यावर कितीदा पडली असेल, पण दर वेळी दात आवळून. त्या दिवशी ती ओरडत आली. खणखणीत, दोन शेतं ओलांडून जाईल अशी आरोळी! माझे दोन टाके तुटले. तुटू देत. मी तिला झेललं, तिनं कोलांटी घेतली, उभी राहिली, भुसा झटकला आणि कॅमेऱ्याकडं बघत राहिली. पप्पू "कट" म्हणायचंच विसरला.

पिक्चर तयार झाला, तेव्हा तो पहिल्यांदा आमच्याच घरी लावला. पप्पूनं मोबाइल टीव्हीला जोडला. गल्ली लोटली. बसायला जागा पुरेना म्हणून मला पुढच्या खोलीत अंथरलं, आणि माझ्यावर बसल्या गोजरबाई, त्यांच्या मांडीवर रेणू, शेजारी प्रभावतीकाकू. आकांक्षा दाराच्या चौकटीला टेकून उभी. आदिनाथ जीप पुसायला बाहेर. त्यानं अर्थातच आईला काही सांगितलं नव्हतं.

पिक्चर रंगात यायच्या आत एक सांगून ठेवते. मागणं नाही, बजावणं आहे. मारामारीचा सिनेमा बघाल, तेव्हा मारणाऱ्याकडं बघून झालं, की पडणाऱ्याकडंही बघा. त्याचं नाव विचारा. नाव सांगत नसतील, तर पुन्हा विचारा. आणि तुमच्या घरी माझ्यासारखी जुनी गादी असेल, तर तिला माळ्यावर कोंबू नका. ऊन दाखवा. फाटलं तर टाका घाला. जिनं तुम्हाला लागू दिलं नाही, तिला उंदरांच्या हवाली करता? लाज नाही वाटत?

तर पडद्यावर पारस जिनिंगची शिडी चढला. शिडी चढणारा पारस होता आणि पत्र्यावर उभी राहिली ती आकांक्षा. पप्पूनं काही जोडलं नव्हतं, काही झाकलं नव्हतं. वेणी, कपाळ, डोळे, सगळं टीव्हीभर. आरोळी घरात घुमली. उडी. मी. कोलांटी. पुन्हा तोच चेहरा.

कुणी हसलं नाही. मागून कुणीतरी शिट्टी मारली आणि लगेच गिळली, कारण गोजरबाई पुतळ्यासारख्या बसल्या होत्या. त्यांच्या बोटांनी माझी खोळ घट्ट धरल्याचं मला कळत होतं.

"आगं गोजरबाई," प्रभावतीकाकू कुजबुजल्या, "तुझी सून हाय ती!"

"दिसून राह्यलंय मला. डोळे गेले न्हाईत माझे."

दारातली आकांक्षा हलली नाही. तिनं नजरही खाली केली नाही.

पुढं पारस काय काय बोलत होता; कुणाचं लक्ष नव्हतं. गोजरबाईंनी खोळ सोडली. खाकरल्या. "पप्पू," त्या म्हणाल्या, "मागं घे रे. तेवढंच लाव पुन्हा. ती ओरडती तिथून."

मग काय! गिळलेली शिट्टी बाहेर आली, टाळ्या झाल्या, आदिनाथ हातात ओलं फडकं घेऊन धावत आत आला. रेणू आजीच्या मांडीवरून उतरून टीव्हीपाशी गेली. पडद्यावरच्या गालाला बोट लावलं, मग वळून दारातल्या गालाकडं बघितलं. पळत येऊन तिनं आईच्या कमरेला मिठी मारली.

"आई, तूच व्हतीस! लाथ बी तुझीच व्हती!"

"व्हय गं बाई."

"पहिल्या पिक्चरात बी?"

"पहिल्या पिक्चरात बी."

रेणूनं कपाळाला आठ्या घातल्या. टाळ्या थांबल्या होत्या. माझ्यावर बसलेल्या गोजरबाईंनी नजर भिंतीकडं वळवली.

"मंग आई," रेणूनं विचारलं, "तवा तू सारखी पाठमोरी का व्हतीस?"