वाफ जाईपर्यंत

"मानवजातीचा इतिहास म्हणजे माणसाने माणसाला दिलेल्या हाताचा इतिहास!" असं मुकादम पेक यांनी दुधाच्या भुकटीच्या रिकाम्या पिंपावर उभं राहून जाहीर केलं, आणि दुसऱ्या 'इतिहासा'ला जोर यावा म्हणून टाच आपटली. पिंपाचं झाकण पुठ्ठ्याचं होतं. मुकादम मांड्यांपर्यंत आत गेले. मानवजात त्या वेळी हातात वाडगे घेऊन पेजेच्या रांगेत उभी होती. तिच्यातल्या तिघींनी त्यांना हात दिला आणि चौथीने विचारलं, "मुकादम, बुटाला भुकटी लागली असेल तर इथेच झटका. वाया नको."

ही तालीम होती. टेकडीवरचा मास्तर म्हणून भाषण मी लिहून दिलं होतं. पिंप त्यांनी निवडलं होतं.

लढाईचा तिसरा शरद ऋतू होता. उत्तरेतून पळालेले आम्ही देशाच्या दक्षिण टोकाला, पुसान बंदराच्या टेकडीवर खोक्यांच्या फळ्या आणि डांबरी कागद ठोकून राहत होतो. दूरदेशीचं एक मदत मंडळ तिथे एक चूल चालवायचं. चुलीवर एक मोठी कढई, कढईत दुधाच्या भुकटीची पेज, आणि ती लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना दिवसातून एकदा मिळायची. आता मंडळाची पाहणी येणार होती. चूल हिवाळाभर चालवायची की बंद करायची, ते ती ठरवणार होती. आमची लढाई जुनी होत चालली होती ना. परक्याची लढाई पहिल्या हिवाळ्यात लोकांना रडवते. तिसऱ्या हिवाळ्यात ते विचारतात, अजून चालूच आहे का?

मुकादमांनी घरोघर फिरून सूचना दिल्या.

"गरिबी दिसली पाहिजे, घाण दिसता कामा नये. भूक दिसली पाहिजे, पण हावरेपणा नको. अंगणं झाडा, पण फार झाडू नका."

"रडायचं का?" कुणीतरी विचारलं.

"एका घरात एकानेच. आणि आवाज न करता."

शिंपी सो यांनी शिलाई मशीनवर गोधडी टाकली आणि गोधडीवर सासऱ्यांना झोपवलं. सासरेबुवांना आजारीपण इतकं मानवलं की तालीम संपली तरी ते उठेनात.

माझ्या शेजारच्या खोपटात मात्र कसली तालीम चालली नव्हती. तिथे हामहुंगवाल्या आजी राहायच्या. आमच्यात बाईला गावाच्या नावाने हाक मारतात, या हामहुंगच्या. तिथल्या बंदरावर शेवटच्या बोटीत चढताना मुलगा आणि सून गर्दीत मागे राहिले, आणि आजींच्या कडेवर दोन वर्षांची नात राहिली. बुन-ई. आता ती चार वर्षांची होती, आणि चार वर्षांच्या मुलीच्या मानाने फारच हलकी होती. आजी त्या कढईत पळी फिरवायच्या. त्याबद्दल त्यांना मजुरी नव्हती, खरवड मिळायची. ती पेज आणि ती खरवड यांवर बुन-ई चालती-बोलती होती.

चूल बंद झाली तर काय, हे आजींनी ठरवून टाकलं होतं. टेकडीच्या पायथ्याशी अनाथालय होतं. त्या काळात अनाथाला दाता मिळायचा. आजी असलेल्या पोराला मिळायचा नाही. त्यामुळे तिथली निम्मी मुलं अशी होती की त्यांचे आईबाप रविवारी कुंपणाबाहेरून त्यांना बघून जायचे. संचालकांनी आजींना स्वच्छ सांगितलं होतं: मुलीला दोन वेळचं जेवण मिळेल, बूट मिळतील, मात्र तुम्ही भेटायला यायचं नाही. आजी असलेली मुलगी अनाथ कशी म्हणायची?

"पाहणी होऊ द्या," आजी म्हणाल्या होत्या. "चूल राहिली तर पोर माझ्याजवळ. नाही राहिली तर थंडी पडायच्या आत मी तिला आणून सोडीन."

एवढं सगळं त्या पाहणीवर होतं, आणि पाहणी आली ती नेमकी शरदाच्या पौर्णिमेला.

त्या सकाळी आमच्यात पितरांना नव्या तांदळाचा भात वाढतात. आमच्या पितरांची थडगी राहिली उत्तरेत, तोफांच्या पलीकडे. टेकडीवर थडगी होती, पण जपान्यांची. ते या देशावर राज्य करायचे तेव्हा त्यांनी ही टेकडी आपल्या मेलेल्यांसाठी ठेवली होती. हरल्यावर ते गेले. मेलेल्यांना बोटीत जागा नव्हती. आम्ही आलो तेव्हा रिकामी जमीन एवढीच होती. दगड चांगले घडीव होते; कुणी पायरी केली, कुणी चुलीचा ओटा. आजींच्या खोपटाचा उंबरा म्हणजे असाच एक दगड होता. त्याच्यावर कुणा म्हाताऱ्याचं नाव कोरलेलं होतं. बुन-ई त्याला 'खालचे आजोबा' म्हणायची आणि त्याच्यावर पाय न देता उडी मारून आत जायची.

पहिल्याच वर्षी टेकडीवर कुणी न ठरवता एक रीत पडली. पौर्णिमेला ज्याच्या त्याच्या दारातल्या दगडाला भात. आजी म्हणायच्या, "आपल्या माणसांच्या थडग्यांशेजारी आता कुणीतरी राहत असेलच की. ते वाढत असतील, असं समजून आपण इथल्यांना वाढायचं." महिनाभर जव आणि पाला खाणारी घरं त्या दिवसापुरता एक वाडगा पांढरा भात कुठून तरी उभा करायची. आजींनी त्या वर्षी रजईतला कापूस विकला होता.

मुकादम आदल्या संध्याकाळी त्यांच्या दारात येऊन रडकुंडीला आले.

"आजी, हात जोडतो. उद्या भात बाहेर ठेवू नका. परदेशी लोक येणार आहेत, आणि आपण म्हणणार भूक आहे, आणि दारोदार पांढरा भात!"

"मग काय, घरधन्याला उपाशी ठेवू?"

"घरधनी? तो जपानी आहे! आणि मेलाय!"

"मेलाय म्हणूनच वाढतेय. जिवंत असता तर त्याचा तो खाता."

शेवटी तोड निघाली. भात उजाडताच ठेवायचा, वाफ गेली की उचलायचा आणि घरात पोरांना वाढायचा. पाहणी दहाला येणार होती. तोवर टेकडी पुन्हा व्यवस्थित उपाशी दिसली असती.

आता, पितर जेवतात तेव्हा त्यांच्याकडे बघायचं नसतं. जेवणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघितलं तर जिवंत माणसाच्या गळ्याखालीसुद्धा घास उतरत नाही. भातात चमचा खोचायचा, त्यांच्याकडे पाठ करायची, मान खाली घालायची आणि वाफ जाईपर्यंत गप्प उभं राहायचं. बुन-ई या बाबतीत साऱ्या टेकडीत सगळ्यांत कडक होती. कुणी 'वळ' म्हणेपर्यंत ती नाकावरची माशीसुद्धा हाकलायची नाही.

परदेशी लोकांचं घड्याळ कसं असतं ते मला ठाऊक नाही. जीप सात वाजताच आली.

मंडळाच्या मिसेस ऑल्डरसन पायऱ्या चढून वर आल्या तेव्हा त्यांना जे दिसलं ते असं: दोन्ही बाजूंना पडक्या खोपटांची रांग, प्रत्येक दारात एक वाडगा, वाडग्यात वाफाळता पांढरा भात, चमच्यासकट, आणि प्रत्येक वाडग्याकडे पाठ फिरवून, मान खाली घालून उभं असलेलं एक कुटुंब. कुणी हलेना. सासरेबुवासुद्धा मशीनवरून उतरून पाठ करून उभे होते.

बाई मनाने फार चांगल्या होत्या. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झालं ते चांगुलपणातूनच झालं. त्यांनी दुभाष्याला, ग्वाकसाहेबांना, हळूच विचारलं, "हे काय आहे?"

ग्वाकसाहेब राजधानीतले, सोलचे, शिकलेले. मी दोन हातांवर पाठमोरा उभा होतो, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. मागाहून ते मला म्हणाले, "मी काय सांगायला हवं होतं? की ही माणसं स्वतः उपाशी राहून जपानी भुतांना जेवायला घालतात? बाईंनी सगळा निधी वेड्यांच्या इस्पितळाला दिला असता."

तेव्हा त्यांनी सांगितलं, "पाहुण्यांसाठी आहे."

बाईंचे डोळे भरून आले. यजमानांनी वाढलेलं पानात टाकणं हा आमच्यात अपमान असतो, असं त्यांना निघण्यापूर्वी कुणीतरी शिकवलं होतं. समोर होतं ते आजींचं खोपट. बाई उंबऱ्याच्या दगडावर बसल्या, वाडगा उचलला आणि जेवू लागल्या.

चमच्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. आजवर एकाही पितराने चमच्याचा आवाज केला नव्हता. आजींनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं, मीही बघितलं. मुकादमांनीही बघितलं आणि भाषण घोकत त्यांचे ओठ कधीचे हलत होते, ते थांबले. पण पाहुणा जेवायला बसल्यावर त्याच्या हातचा वाडगा काढून घेईल असं माणूस आमच्यात अजून जन्मायचं आहे. बाईंनी शिताशिताने भात संपवला. त्यांना भूक नव्हती हे दिसत होतं. निव्वळ आमच्या मानासाठी त्या खात होत्या.

मग त्या उठल्या आणि बोलल्या, आणि ग्वाकसाहेबांनी 'इकडे बघा' म्हणून आम्हाला ते भाषांतरून सांगितलं.

"मी पुष्कळ छावण्या पाहिल्या. भुकेली माणसं भाताकडे पाठ करून उभी राहू शकत नाहीत. तुम्ही राहिलात. याचा अर्थ तुम्ही सावरलात. आमच्याकडे पैसे थोडे आणि हात पसरणारे फार. तेव्हा ते जिथे कुणाचंच कुणी नाही अशा ठिकाणी गेले पाहिजेत. या टेकडीची चूल आता तुमची तुम्ही चालवाल, याची मला खात्री आहे. आणि हे पैसे खालच्या अनाथ मुलांना मिळतील."

त्या वेळी मुकादमांना भाषण आठवलं असतं तर उपयोग झाला असता. त्यांना 'मानवजातीचा' एवढंच आठवलं. ते ऐकून बाईंनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला.

जीप उतरून गेली तरी बुन-ई पाठमोरीच होती. तिला वळायला सांगायचं सगळ्यांच्याच डोक्यातून गेलं होतं. आजी म्हणाल्या, "वळ गं."

ती वळली. वाफ गेल्यावर तो भात तिचा असायचा. तिने वाडग्यात वाकून बघितलं, मग उंबऱ्याकडे बघितलं.

"खालच्या आजोबांनी आज सगळा खाल्ला?"

"हो," आजी म्हणाल्या. "भूक लागली असेल त्यांना."

"काहीच नाही ठेवलं?"

"पुढच्या वर्षी ठेवतील."

शेजारच्या घरांतून तीन-चार वाडगे आले, अर्धेमुर्धे. आजींनी ते परत पाठवले. बुन-ईने त्यातला एक वाटेतच गाठला, हे मी पाहिलं आणि आजींना सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुकादम आणि मी शहरात जाऊन ग्वाकसाहेबांना भेटलो. ते आम्हाला बघून इतके ओशाळले की त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या. "मी सांगतो बाईंना," ते म्हणाले. "पण त्या विमानात आहेत." चौथ्या दिवशी गेलो तेव्हा बाई त्यांच्या देशात पोहोचल्या होत्या आणि आमच्या टेकडीबद्दल तिथे भाषणं देत होत्या, सभेत लोक उभे राहून रडतात म्हणे. त्या रडण्यातून पुष्कळ पैसा उभा राहिला. तो सगळा पायथ्याशी उतरला. काही दिवसांनी मंडळाचा ट्रक आला आणि आमची कढईसुद्धा तिकडेच घेऊन गेला. पिंप तेवढं त्यांनी ठेवलं, कारण त्याचं झाकण तुटलं होतं.

आम्ही आमची चूल चालवून बघितली. चूल होती, तिच्यावर ठेवायला काही नव्हतं. बुन-ई दुपारच्या वेळी वाडगा घेऊन रांग लागायची त्या जागी जाऊन उभी राहायची. मग उभी राहीनाशी झाली, बसायला लागली.

पहिलं दव गोठलं त्या सकाळी आजींनी तिचे केस विंचरले. मला म्हणाल्या, "मास्तर, चल माझ्याबरोबर. मला एकटीला परत वर चढवणार नाही."

अनाथालयाचं फाटक नवं होतं, रंग ओला होता. आत आमची कढई उकळत होती. मी तिचा कान ओळखला, एका बाजूला दबलेला. संचालक बाहेर आले. त्यांच्या मागे एक बाई बुटांचा जोड घेऊन उभी होती.

"तुम्ही हिच्या कोण?" त्यांनी विचारलं. त्यांना माहीत होतं. पण विचारावं लागतं.

"शेजारीण," आजी म्हणाल्या.

"हिचं कुणी नाही ना?"

आजींनी माझ्याकडे बघितलं. मी रंगाकडे बघितलं.

"नाही."

बुन-ईने मान वर करून आजींच्या तोंडाकडे पाहिलं. पण मोठी माणसं बोलत असताना मधे बोलायचं नाही हे तिला पक्कं शिकवलेलं होतं. बूट मोठे होते. तिने त्यात उभं राहून पाहिलं आणि ते तिला आवडले, हे तिने लपवायचा प्रयत्न केला.

संचालकांना बोलायची सवय होती, आणि आता त्यांच्याकडे बोलण्यासारखं होतंही. "आजपासून ही मुलगी साऱ्या जगाची मुलगी आहे," ते म्हणाले. "सात समुद्रांपलीकडची माणसं हिच्यासाठी आपल्या ताटातला घास काढून ठेवतात. सरहद्द, भाषा, वंश, सगळं ओलांडून माणुसकीचा हा हात..."

"साहेब," आजी म्हणाल्या.

"हं?"

"एक सांगायचं होतं. शेजारीण म्हणून."

"सांगा ना."

"हिच्यापुढे भात ठेवलात की ही पाठ करून बसेल. तेवढं 'वळ' म्हणा हिला."