फलकावरचा मुलगा

“मान पकड. घट्ट. माझी मान रे, कॉलर नव्हे!”

सोन्या हसला आणि त्याने आईच्या गळ्याला मिठी मारली. तिने त्याच्या पावलांना आपली पावलं टेकवली, गुडघे वाकवले आणि त्याला पलंगावरून उचलून चाकाच्या खुर्चीत ठेवलं. ठेवलं कसलं, लोटलंच. अर्ध्यातच कमरेतून अशी कळ निघाली की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

“हळू,” सोन्या म्हणाला. त्याला येणाऱ्या चार-दोन शब्दांतला हा एक. तो त्याने आईकडूनच उचलला होता आणि आता तिलाच ऐकवायचा.

सोन्याचं अंग जन्मापासूनच त्याच्या ताब्यात नव्हतं. लहानपणी ती त्याला कडेवर घेऊन गावभर हिंडायची. आता त्याला दाढी होती, पोट सुटलं होतं, कानशिलावर केस पिकू लागले होते. नवरा कधीच गेलेला. शिवणयंत्रावर दोघांचं पोट भरत होतं, पण पोराला उचलणारं यंत्र काही तिच्याकडे नव्हतं. रोज घरी येऊन अशांना उचलायला, धुवायला सरकारने माणूस द्यावा, एवढंच मागणं. तिच्यासारख्या आईबापांच्या संघटनेने त्यापायी सरकारी उंबरे झिजवले होते. आज त्याचा निकाल होता.

“उद्यापासून पैलवान येणार तुला उचलायला. मग मी पाय पसरून बसणार, कळलं?” असं बजावून तिने शेजारच्या आजोबांना सोन्यापाशी बसवलं आणि संघटनेचा कापडी फलक काखोटीला मारून ती निघाली.

फलक तिनेच शिवलेला. मधोमध फोटोत सहा वर्षांचा सोन्या, पुढचे दात पडलेला, खदखदून हसणारा. खाली शब्द: ‘आमच्या मुलांना हात द्या.’ ही कल्पना संघटनेच्या मास्तरांची. त्यांची मुलगीही अशीच. “लेकरू दिसलं की माणूस थांबतो,” ते म्हणाले होते, आणि खरंच माणसं थांबली. पुढे कोणीतरी फोटो बदलायचं काढलं, तेव्हा सगळ्यांनी मिळून ते हाणून पाडलं. दाढीवाल्या, लाळ गळणाऱ्या बाप्याकडे बघून कोण थांबणार? मंत्री आले नि गेले, मुलांचे बाप्ये झाले, फलकावरचा सोन्या मात्र सहाचाच राहिला.

कार्यालयाच्या सभागृहात अधिकारीबाईंनी निर्णय वाचला. अठरा वर्षांखालच्या प्रत्येक अपंग मुलाला घरी मदतनीस मिळणार, रोज, फुकट. मागच्या रांगांतून टाळ्यांचा कडकडाट झाला. तिथे तरण्या आया बसल्या होत्या.

ती उभी राहिली. “बाई, आणि मोठ्यांचं काय?”

अधिकारीबाई वाईट नव्हत्या. त्यांनी चष्मा काढला. “मावशी, इतकी वर्षं तुम्ही मुलांसाठीच मागत होतात ना? आम्ही सगळ्यांना तोच फोटो दाखवला. त्याच्यावरच तर मंजुरी मिळाली.”

तिने फलकाकडे पाहिलं. पोरगं आपलं हसत होतं.

बाहेर एका तरण्या आईने तिला मिठीच मारली. कडेवरची मुलगी मान टाकून झोपली होती. “काकू, तुमच्यामुळे झालं हो! माझी पाठ आत्ताच धरायला लागली होती.”

“जप पाठीला,” ती म्हणाली. तिला मनापासून बरं वाटलं आणि त्याच वेळी त्या पोरीचा असा हेवा वाटला की स्वतःचीच लाज वाटली.

मास्तर पायरीवर बसले होते. “मोठ्यांसाठी पुन्हा सुरू करू आपण.”

“मास्तर, तुम्हाला पायरीवरून उठायला हात लागतो.”

“लागतो खरा,” मास्तर म्हणाले. तिने हात दिला.

घरी आली तर सोन्या खुर्चीतून घसरून अर्धा खाली लोंबकळत होता. आजोबा रडकुंडीला आले होते. “मला नाही गं जमलं. धरून बसलोय नुसता.”

“असू द्या, आजोबा.”

तिने मिठी मारली, पाय टेकवले, जोर केला. सोन्या जागचा हलला नाही. पुन्हा केला. कंबरच उठेना. मग तिला कळलं की आता त्याला फक्त खाली घेता येईल, वर नाही. तिने जमिनीवर गादी ओढली आणि आजोबांच्या मदतीने त्याला अलगद तीवर उतरवलं.

सोन्याने पलंगाकडे बोट केलं.

“आजपासून इथंच रे, राजा.”

उशी पलंगावर, पार भिंतीकडे राहिली होती. वाकून ती घेण्याचं त्राण तिच्यात नव्हतं. तिने हाताशी असलेल्या फलकाची घडी केली, हसणारा चेहरा आत जाईल अशी, आणि ती त्याच्या डोक्याखाली सरकवली. मग खुर्चीला धरून तीही त्याच्या शेजारी बसू लागली.

“हळू,” सोन्या म्हणाला.