पुढचा वाढदिवस कोणाचा?

नियम कंपनीचा, पण मिरवायचे मी. बालाघाटच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकलेली ना! मतांचा सर्व्हे करताना घरात जो पुढे येईल त्याला विचारायचं नाही. ज्याचा वाढदिवस सगळ्यात आधी येणार, त्यालाच विचारायचं, तेही एकट्याला. म्हणजे निवड कोणाच्या मर्जीवर राहत नाही.

डिसेंबर सरत आला होता आणि पोटनिवडणूक तोंडावर होती; लढत पंखा आणि शिलाई मशीन या दोन चिन्हांत. रामपायलीत पहिल्याच घरी तेजरामभाऊ दारात उभे. "आमच्या घरचे सारे मतं पंख्याले. लिवून घ्या अन् जा."

"भाऊ, पुढचा वाढदिवस कोणाचा?"

आधार कार्डं निघाली. त्यांच्या आईचा, रुख्माबाईंचा. एक जानेवारी.

"मायले काय समजते?" म्हणत भाऊ तणतणत खळ्याकडे गेले.

"मले इचारून राह्यली?" रुख्माबाईंनी आपल्या मागे आणखी कोणी आहे का ते पाहिलं. मग पदर तोंडाला लावून हसल्या. "शिलाई मशीन. त्याले सांगू नोको."

दुसऱ्या घरी आजोबा, एक जानेवारी. तिसऱ्या घरी आजी, एक जानेवारी. गावातल्या जुन्या माणसांची जन्मतारीख कोणालाच ठाऊक नव्हती, तेव्हा कार्ड करणाऱ्यानं सगळ्यांना एकाच दिवशी जन्माला घातलं होतं. माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. पण मी आपली नियमावर खूश. दुपारपर्यंत गावभर बातमी झाली आणि म्हातारी मंडळी आंघोळी उरकून, धुतलेले कपडे घालून दारात बसली.

संध्याकाळी भोपाळहून वीरेंद्र सरांचा फोन. "मैडम, रामपायली का सर्वे किया है या वृद्धाश्रम का? मशीन को अस्सी परसेंट?" हुकूम असा, की एक जानेवारीवाले सगळे वगळून त्याच घरांतल्या दुसऱ्यांना विचारायचं. "कल शाम तक सही आँकड़ा नहीं आया, तो दूसरी लड़की भेजूँगा." मला रडूच आलं. पहिली नोकरी होती हो माझी.

सकाळी तेजरामभाऊंकडे गेले, तर रुख्माबाई सरसावून बसलेल्या.

"आजी, आज तुमचं नाही. नंतरचा वाढदिवस सुनेचा, गीतावहिनीचा."

"काहून? मी चुकीचं सांगतलं का?"

"नाही आजी, चुकलं माझंच."

म्हातारी रुसली. अगदी लहान पोरासारखी भिंतीकडे तोंड करून बसली. मला वाईट वाटलं.

तेजरामभाऊ मात्र खुशीत. "लिवा, पंखा. तिचं मत म्हणजे माझंच मत."

"हौ," तांदूळ निवडता निवडता गीतावहिनी म्हणाली, "हे म्हंतात तेच."

मोबाइलवर पंख्याचं बटण दाबलं असतं तर माझं काम झालं असतं. पण तो आकडा तेजरामभाऊंचा होता, वहिनीचा नव्हे. असे आकडे पाठवले तर निकालाच्या दिवशी माझीच फजिती.

तेवढ्यात रुख्माबाई उठल्या. "तेजराम, भाईर हो."

"काहून?"

"तिले इचारलं, तुले नाही." त्यांनी लेकाला दंडाला धरून बाहेर काढलं. मग स्वतःही बाहेर गेल्या आणि दार ओढून घेतलं.

वहिनीनं सूप बाजूला सारलं. पंखा म्हणेल की मशीन, मी मोबाइल धरून तयार.

"माझं सांगू?" ती हळूच म्हणाली. "थोडं थांबा मंग. माझं मत कोनतं आहे, ते मी कधी पाह्यलंच नाही."

सरांना संध्याकाळपर्यंत आकडा हवा होता आणि अख्खं गाव बाकी होतं. मी मोबाइल खाली ठेवला आणि थांबले.