जाळीखालचा गाळ

कौशल्याबाई काय म्हणाल्या ते समाधानने घरी आल्यावर शब्दाला शब्द सांगितलं, तेही त्यांच्याच आवाजात. "मी काळी फरशी घेतली होती. राखाडी हवी असती तर दुकानात तीही होती."

शर्मिलाला हसू आलं, पण तिने ते दाबलं. ठेकेदाराला सोडल्यावर समाधानने स्वतःच्या नावावर घेतलेलं हे पहिलंच काम होतं. कौशल्याबाईंच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये फरशी बसवायची होती आणि बाल्कनी झाली होती. सांध्यांत ग्राउट, म्हणजे फटी बुजवायचं सिमेंट, भरून ओल्या स्पंजने पुसलं तेव्हा फरशी काळीकुळकुळीत होती, वाळल्यावर मात्र तिच्यावर पांढुरकी साय धरली. पुन्हा पुसली, पुन्हा तेच.

"स्वयंपाकघरातही असंच झालं, तर हॉल दुसऱ्याला देणार म्हणाल्या," तो म्हणाला. "रविवारी बघणार आहेत."

"पाणी बदलत होता ना?"

"सारखं. स्पंजही नवा."

शर्मिला एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होती. नवऱ्याची काळजी तर वाटत होतीच, पण त्याहून तिला नवल वाटत होतं. स्वच्छ पाण्याने पुसलेल्या फरशीवर पांढरं येतं कुठून?

"कसं पुसता ते दाखवा बरं."

"आता माझं प्रॅक्टिकल घेणार का?"

तरी तो उठला. मोरीत रंगाच्या रिकाम्या डब्यात पाणी घेतलं. रंगकाम संपलं की असे डबे कारागिरांच्या वाट्याला येतात आणि मग सगळी कामं त्यांतच होतात. उरलेल्या एका टाइलवर ग्राउट फासून त्याने ते पुसलं, स्पंज पाण्यात बुडवला आणि थेट तळाला नेऊन खसाखसा घासला, फडकं दगडावर घासावं तसा.

"थांबा," शर्मिला म्हणाली.

तिने डब्यातलं पाणी काचेच्या बरणीत ओतलं. चहा होईपर्यंत वरचं पाणी जवळजवळ नितळ झालं आणि खाली पिठासारखा थर बसला. तिने चमचा तळाला टेकवून एकदाच फिरवला. बरणी दुधासारखी झाली.

समाधान वाकून बघत राहिला. "म्हणजे पाणी बदललं तरी दुसऱ्या बुडवणीपासून मी तेच वर आणतोय."

"मग तळाला जाऊ नका."

"हे तू सांगितलंस, मला कळलं. पण हात ऐकायचा नाही. इतक्या वर्षांची सवय आहे." तो विचार करून म्हणाला, "बादलीनेच हात अडवायला पाहिजे."

हे तिला सुचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दोघं श्यामसुंदरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. शर्मिलाने सर्वांत उंच बादली उचलली. जितकी खोल, तितका गाळ दूर.

"आणि माझा हात तितकाच खाली," समाधान म्हणाला. "शिवाय मोठ्या खोल्यांत पुसायची ती दांड्याची स्पंज लावलेली पाटी आडवी मावणार नाही यात."

तिने बादली ठेवली, दुसरी घेतली, आत हात घालून पाहिला, ती उलटी करून बुडाकडे पाहिलं.

"ताई," श्यामसुंदर म्हणाला, "बादली बघताय की स्थळ?"

"स्थळ इतकं बघितलं नव्हतं," समाधान म्हणाला.

श्यामसुंदरने गाडी धुण्याची एक बादली काढली. तळाशी जाळी होती. शर्मिलाचा चेहरा खुलला, पण जाळीखाली जेमतेम बोटभर जागा होती. एका खोलीचाच गाळ तिच्या वर आला असता. मग समाधानला कोपऱ्यात एक लांबट टब दिसला, वर रुंद, खाली निमुळता. शेजारी भाजी निथळायच्या जाळीदार चौकोनी टोपल्या होत्या. त्याने एक उचलून टबात पालथी घातली.

"तरंगेल," शर्मिला म्हणाली. "हे प्लास्टिक पाण्यापेक्षा हलकं असतं."

त्याने टोपली दाबली. निमुळत्या बाजूंत ती मध्येच घट्ट अडकली. शर्मिलाने ओढून पाहिलं, हलली नाही. त्याने स्पंज मागून घेतला आणि जाळीवर नेहमीसारखा खसाखसा घासला.

"घासायला तळही मिळाला," तो म्हणाला.

रविवारी शर्मिलाही सोबत गेली.

"देखरेखीला आणलंय का यांना?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"नाही, नुसतं बघायला आलेय," शर्मिला म्हणाली.

"बघा. पुण्यात खड्डा खणायला एक आणि बघायला दहा, आमच्याकडे तेवढंच कमी होतं."

समाधानने आधी ओट्यासमोरच्या एका पट्ट्याचेच सांधे भरले, थोडं थांबला आणि पुसायला लागला. स्पंज जाळीवर घासला की पाणी गढुळायचं, आणि तो पिळून फरशीकडे वळेपर्यंत गढूळपणा जाळीतून खाली उतरायला लागायचा. शर्मिला टबाशी उकिडवी बसून ते बघत होती. पुसून झाल्यावर पंखा लावला. फरशी कडेकडेने वाळायला लागली.

वाळूनही ती काळीच राहिली. फक्त दाराजवळच्या शेवटच्या दोन टाइलांवर पुसट पांढरं दिसलं.

"तिथे काय झालं?" कौशल्याबाईंनी विचारलं.

शर्मिलाने टबात बोट घालून पाहिलं. "गाळ जाळीला लागलाय. खालची जागा भरली."

"म्हणजे माझं पाणी बदलायचं चुकलं," समाधान म्हणाला. त्याने टब धुऊन आणला, नवं पाणी घेतलं आणि त्या दोन टाइला पुन्हा पुसल्या. वाळेपर्यंत तिघंही दारात उभे राहिले. या वेळी पांढरं आलं नाही.

कौशल्याबाई वाकल्या, चष्मा वर करून टाइलांवरून तिरकं पाहिलं, मग सरळ झाल्या.

"हॉलमधला सोफा फार जड आहे," त्या म्हणाल्या. "मी हलवणार नाही. कधी येताय ते आधी कळवा, म्हणजे वरचं सामान तरी काढून ठेवते."

"उरलेलं स्वयंपाकघर आज पुरं करतो," समाधान म्हणाला. "हॉल मंगळवारपासून."

त्याने पुढच्या पट्ट्यासाठी ग्राउट कालवायला घेतलं. शर्मिलाने टबात स्वच्छ पाणी भरलं आणि गाळ जाळीला टेकायच्या आधी समाधानला थांबवायचं म्हणून तिथेच बसून राहिली.