ताईचं एक वाक्य

धाकटा चित्रपट शिकायला परदेशात गेला आणि तिथलाच झाला. बरीच वर्षं तो दुसऱ्यांच्या चित्रपटांचं संकलन करून देत होता. स्वतःचा काढायचा म्हटलं की तिथले लोक म्हणत, तुमच्याकडचं काहीतरी दाखवा; आणि इकडचे म्हणत, तू आता तिकडचा, तुला इथलं काय कळणार. शेवटी तिथल्या एका निर्मातीने होकार दिला, तेव्हा त्याने आपल्या बहिणीवरच माहितीपट करायला घेतला.

ताई बाहेरच्या खोलीत शिवणवर्ग चालवायची. दोन सुट्ट्या तो तिच्या मशीनशेजारी कॅमेरा घेऊन ठाण मांडून बसला. सुरुवातीला ती सारखी केसांवरून हात फिरवायची. मग तो तिथे आहे हेच विसरली. एका दुपारी भाऊजी कामावर होते, सासूबाई आत झोपल्या होत्या. चुकलेली शिलाई उसवता उसवता ताई म्हणाली, "इतकी वर्षं झाली, पण या घरात मी पाहुणीच आहे बघ. फक्त पाहुणचारही मीच करते." स्वतःच हसली, आणि मग दचकून म्हणाली, "हे ठेवू नकोस हं."

"इथे कोण बघणार आहे, ताई? तिकडेच दाखवायचाय."

"मग ठेव बाबा."

तिकडे त्या वाक्याला प्रेक्षक खळखळून हसले आणि मग एकदम गप्प झाले. चित्रपटाला बक्षीस मिळालं. पहिल्यांदाच लोक धाकट्याला नावाने ओळखू लागले. निर्मातीने चित्रपट एका मोठ्या कंपनीला विकला आणि तो जगभर ज्याच्या त्याच्या फोनवर दिसू लागला. जाहिरातीत ताईचा चेहरा होता आणि खाली तेच वाक्य.

त्याने निर्मातीला फोन केला. "तेवढं वाक्य काढा. माझ्या बहिणीचं घर आहे ते."

"ते काढलं तर चित्रपटात उरतं काय?" ती शांतपणे म्हणाली. "आणि आता माझ्याही हातात नाही. सही तुम्हीच केली आहे." त्याने वकील गाठला. वकिलानेही करार वाचून नकारार्थी मान हलवली.

मग ताईला फोन लावला. "सासूबाईंनी पाहिलं का?"

"शेजारणीने आणून दाखवलं."

"काय म्हणाल्या?"

"काहीच नाही. आता स्वतःचं ताट स्वतः वाढून घेतात."

धाकटा मिळेल त्या विमानाने आला. बाहेरच्या खोलीत मशीनवर चादर टाकलेली होती. बायका शिवणापेक्षा चौकशीलाच जास्त यायला लागल्या, म्हणून वर्ग बंद केल्याचं ताईने सांगितलं. भाऊजींनी बंद करायला सांगितलं का, असं त्याने विचारलं. "ते कशाला सांगतील?" ती म्हणाली. "ते तर काही बोलतच नाहीत." त्याने माफी मागितली. "असू दे रे. बोलले तर मीच ना," म्हणत ती चहा टाकायला उठली आणि बराच वेळ आतच राहिली. सासूबाईंच्या पाया पडायला तो गेला, तर त्यांनी पाय हळूच मागे घेतले.

परतीच्या दिवशी भाऊजी बॅग उचलून त्याच्याबरोबर बसथांब्यापर्यंत आले. साधा, कमी बोलणारा माणूस. वाटेत त्यांनी हवापाण्याचं विचारलं, नोकरीचं विचारलं. थांब्यावर बॅग खाली ठेवून, रस्त्याकडे बघत ते म्हणाले, "एक विचारू? तू तिच्याजवळ तासन्‌तास बसलास. आमच्यापेक्षा तुझ्याशी जास्त बोलली ती. मी तिला काय कमी केलं रे?"

धाकट्याने ‘काही नाही’ म्हणावं तर ताई खोटी पडत होती. आणि खरं सांगावं, तर ते खरं त्याचं नव्हतंच. ताईने त्याच्या भरवशावर बोलून टाकलं होतं.

"तुम्ही तिलाच विचारा ना, भाऊजी," तो कसाबसा म्हणाला.

"विचारलं होतं. म्हणाली, चेष्टेत बोलले." त्यांनी बॅगेचा पट्टा सरळ केला. "चेष्टा होती का?"

बस आली. भाऊजींनी बॅग वर चढवून दिली, खिडकीची जागा मिळाली का ते पाहिलं आणि उत्तराची वाट न बघता घराकडे वळले.