वरचं नाव

साध्या मजकुरातून छापील पान तयार करून देणाऱ्या एका प्रोग्रॅमवर आमचं छोटंसं ऑफिस चालतं. लिहिणाऱ्याने नुसता मजकूर टाइप करायचा, मध्ये मध्ये ठरलेल्या खुणा टाकायच्या, आणि मथळे, तळटीपा, समास हे सगळं प्रोग्रॅम बघून घेणार. त्यातल्या संदर्भांच्या आज्ञा माझ्याकडे होत्या. एखादं वाक्य दुसऱ्या कुणाचं असेल तर त्याचं नाव शेवटी कंसात कसं यावं, ते मी ठरवायचं. ऐकायला रटाळ वाटतं आणि ते आहेही, पण मला मनापासून आवडायचं, कारण ज्याचं श्रेय त्याला मिळालंच पाहिजे ही आमच्या घरातली जुनी खोड. बाबांनी जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली. अंथरुणाला खिळल्यावरही मी ऑफिसातून आणलेली चाचणीची पानं ते छातीवर धरून वाचत, आणि कुठे नाव चुकलेलं दिसलं की पेन्सिलीने त्याभोवती गोल करत.

बाबांचं सगळं मी करत होते. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. अंग पुसणं, कूस बदलणं, चमच्याने भरवणं, दिवसाकाठी बदलाव्या लागणाऱ्या चादरी. ताई लांबच्या शहरात मोठ्या हुद्द्यावर. ती फोनवर सल्ले द्यायची, आणि सल्ला द्यायला कुणाचं काय जातं. तरी माझी तक्रार नव्हती. कोण करतंय हे बाबांना ठाऊक होतं, आणि मला तेवढं पुरत होतं. खरं सांगायचं तर मला तेवढंच हवं होतं.

एकाच लेखकाचे संदर्भ ओळीने आले की दरवेळी नाव लिहीत नाहीत, ‘तत्रैव’ लिहितात, म्हणजे वरचाच. आमच्या साहेबांचं म्हणणं, लिहिणाऱ्याला एवढाही त्रास नको. त्याने नुसता एक ठिपका द्यावा, प्रोग्रॅम वर बघेल आणि सगळ्यात जवळचं जे नाव सापडेल ते घेईल. मी म्हटलं, मध्येच दुसरं नाव घुसलं तर खालचं सगळं त्याच्या खात्यावर जाईल. लोक काय एवढे आंधळे असतात का, असं साहेबांनी हसत विचारलं. एरवी मी मागे हटले नसते, पण घरी बाबांच्या औषधाची वेळ होत आली होती, आणि वाद घालायला लागतं ते त्राण तिकडेच खर्च होत होतं. बरं, म्हणून टाकलं.

चाचणीला काहीतरी मजकूर लागतो. मी घरचाच लिहिला. बाबांना उन्हात बसवलं. पाठीला पावडर लावली. आज ते आपणहून हसले. पहिल्या वाक्याला माझं नाव, खालच्यांना ठिपके. पान अगदी बरोबर आलं. मग दुसरं नाव घालून बघायचं होतं, आणि त्याच आठवड्यात ताई फळांची टोपली आणि नेहमीचे सल्ले घेऊन उभ्या उभ्या येऊन गेली होती, म्हणून पहिल्या वाक्याखाली मी ‘बाबांची विचारपूस केली’ हे वाक्य तिच्या नावाने घातलं. खालचे सगळे ठिपके तिचे झाले. पावडर तिने लावली, हसूही तिच्यामुळे. मी सांगत होते ते हेच, म्हणून साहेबांना दाखवायला पान छापून घेतलं, आणि गंमत म्हणून घरीही आणलं. बाबांनी ते वरपासून खालपर्यंत वाचलं आणि एकही गोल केला नाही. डोळे थकले असतील, असं मी मनाशी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांची पाठ पुसत असताना ते समाधानाने म्हणाले की ताईचा हात हलका आहे. आजारी माणूस, चालायचंच. पण मग शेजारच्या काकूंनी मला जिन्यात थांबवून ताईच्या सेवेचं कौतुक केलं. डॉक्टरांनी सांगितलं की खोकला वाढल्याचं तुमच्या बहिणीने वेळेवर लक्षात आणून दिलं, म्हणून निभावलं. ते लक्षात आणून द्यायला मी त्यांच्या दवाखान्यात तिष्ठत बसले होते, त्यांच्यासमोरच्या खुर्चीत. मी तसं म्हणाले तेव्हा त्यांनी माझ्याकडे जरा दयेने पाहिलं.

मी साहेबांशी भांडून आज्ञा बदलून घेतली. आता ठिपका वर बघणार नव्हता. प्रत्येक ठिपक्याला त्याचं स्वतःचं नाव कायमचं चिकटणार होतं. जुन्या फायलींत त्या घडीला जे नाव दिसत होतं तेच पक्कं करण्याचा हुकूम मीच लिहिला आणि मीच चालवला. आता कुणी काही हलवलं तरी नाव हलणार नाही, म्हणून साहेबही खूश झाले. चाचणीचं ते पान मी दुरुस्त केलेलंच नव्हतं, हे मला घरी जाताना वाटेत आठवलं.

परत जाऊन मी एकेका वाक्यापुढे हाताने माझं नाव घातलं. प्रोग्रॅमने निमूटपणे घेतलं. नवं पान बाबांच्या हातात दिलं आणि शाळेतल्या मुलीसारखी समोर उभी राहिले. त्यांनी पेन्सिल मागितली. माझ्या प्रत्येक नावाभोवती सावकाश गोल केला आणि समासात, त्या देखण्या छापखानी अक्षरात, ताईचं नाव लिहिलं.

“बाबा, हे चुकलेलं नाही,” मी म्हणाले. “हे सगळं मी केलंय. तुम्हाला माहितीये.”

त्यांनी मला ओळखलं नाही असं नव्हतं. ओळखलं होतं, म्हणूनच तोंड फिरवलं.

“आलीस का शेवटी,” ते म्हणाले. “ताई फोन लावून लावून दमली. एकदा तरी उचलायचास, धाकटे.”

आतून ताई बाहेर आली. बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या, हातात पिळलेला पंचा, डोळ्यांखाली काळं. मी तिला आत जाताना पाहिलं नव्हतं, ती गावात आहे हेही मला माहीत नव्हतं. “हळू बोल गं,” ती म्हणाली. “आत्ता कुठे जरा शांत झालेत.” आणि माझ्याशेजारून वाकून तिने सराईतपणे त्यांची कूस बदलली.

मला संताप आला. आज सकाळी मी काय काय केलं ते त्या दोघांना बारीकसारीक सांगायचं मी ठरवलं, जे करणाऱ्यालाच ठाऊक असतं ते. मी सकाळ आठवू लागले. एक स्वच्छ, उंचावरची खोली आठवली, बंद काचा, खाली परक्या शहरातली रहदारी, टेबलावर थरथरणारा फोन आणि त्यावर बाबांचं नाव. फोन खूप वेळ वाजत होता. तो वाजायचा थांबला तेव्हा मला किती हलकं वाटलं, तेही आठवलं.